पदविकेनंतरची वर्षे

चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वैद्यक किंवा स्थापत्य शिकलेल्या तरुणापुढे सहसा उभा राहत नाही. त्याच्या पदविकेला मान असतो, परंतु तिच्या आधारे कोणतीही नेमणूक ठरलेली नसते. शिक्षण संपणे आणि स्वतःचे पहिले काम लोकांपुढे येणे यांमध्ये अनेकदा काही वर्षे जातात. ही वर्षे कशी काढावीत, हाही चित्रपट-शिक्षणाचाच एक भाग मानला पाहिजे. या प्रकरणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

कार्यशाळेकडून विद्यालयाकडे

पूर्वी हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. व्ही. शांताराम कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत शिकले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी ही जशी निर्मितिसंस्था होती, तशीच ती एक कार्यशाळाही होती. नट, छायालेखक, रंगमंचकार हे सारे मासिक वेतनावर असत. शिकणे आणि कमावणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली चालत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही व्यवस्था मोडत गेली. प्रत्येक चित्रपटासाठी माणसे नव्याने जमवावयाची आणि चित्रपट पुरा होताच ती पांगावयाची, अशी रीत पडली. चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली आणि १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत आजच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. पुढे १९९५ मध्ये कोलकात्यास सत्यजित राय यांच्या नावाने दुसरी राष्ट्रीय संस्था निघाली. अशा रीतीने शिक्षणाची सोय झाली, परंतु जुन्या कंपनीने शिक्षणाबरोबर दिलेली वेतनाची शाश्वती मात्र परत आली नाही. आजच्या विद्यार्थ्याच्या अडचणीचे मूळ येथे आहे. म्हणूनच काम मिळण्यास विलंब झाला, तर तो आपल्याच गुणांचा अभाव आहे असे त्याने समजू नये.

प्रतीक्षेची तीन उदाहरणे

अडूर गोपालकृष्णन १९६५ मध्ये पुण्याहून पदविका घेऊन केरळास परतले. त्यांचा पहिला कथाचित्रपट 'स्वयंवरम्' १९७२ मध्ये प्रदर्शित झाला. मधल्या सात वर्षांत ते स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी सहकाऱ्यांसह चित्रलेखा ही फिल्म सोसायटी आणि तिच्या जोडीला सहकारी निर्मितिसंस्था उभारली. एकीकडे जगातील उत्तम चित्रपट दाखवून जाणता प्रेक्षक घडवावयाचा आणि दुसरीकडे अनुबोधपट करून हात चालू ठेवावयाचा, असा हा दुहेरी उद्योग होता. 'स्वयंवरम्' त्याच सहकारी संस्थेने चित्रपट वित्त महामंडळाच्या कर्जाच्या साहाय्याने काढला. येथे प्रतीक्षेचा काळ हाच पायाभरणीचा काळ ठरला.

दुसरे उदाहरण छायालेखक के. के. महाजन यांचे. ते १९६६ मध्ये संस्थेतून बाहेर पडले. १९६९ च्या सुमारास तयार झालेल्या मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम', बासू चटर्जी यांच्या 'सारा आकाश' आणि मणी कौल यांच्या 'उसकी रोटी' या तिन्ही चित्रपटांचे छायालेखन त्यांनी केले. यांपैकी मणी कौल हे पुण्याच्याच संस्थेतील होते. इतर दोन दिग्दर्शक त्या संस्थेत शिकलेले नव्हते. वसतिगृहातील मैत्री मोलाची खरी, परंतु तिच्या बाहेरही आपले काम ओळखीचे झाले पाहिजे, हे यावरून दिसते.

'जाने भी दो यारो' (१९८३) हे तिसरे उदाहरण. दिग्दर्शक कुंदन शाह, संकलक रेणू सलुजा आणि छायालेखक बिनोद प्रधान हे तिघेही पुण्याच्या संस्थेतले. भांडवल राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे होते, म्हणजे बेताचेच. छायाचित्रणाचे दुकान थाटून बसलेल्या दोन मित्रांच्या या कथेचे बीज शाह यांच्या सहाध्यायांनी हैदराबादेत केलेल्या अशाच धडपडीत होते. पदविकेनंतरची ओढाताण स्वतःच कथावस्तू होऊ शकते, हा यातील बोध होय.

जे शिकविले पाहिजे

या उदाहरणांवरून अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षात काय असावे, हे ठरविता येते. पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. आपल्या संहितेला किती दिवसांचे चित्रीकरण, किती माणसे आणि किती स्थळे लागतील, हे ज्याला कागदावर मांडता येत नाही, त्याच्यावर कोणी पैसा लावणार नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या कॉपीराइट अधिनियमानुसार, वेगळा करार नसल्यास, चित्रपटाचा मालक निर्माता असतो. दिग्दर्शकाचे किंवा छायालेखकाचे नाव श्रेयनामावलीत आले, एवढ्याने त्याला मालकी मिळत नाही. लेखक आणि संगीतकार यांच्या स्थितीत २०१२ च्या दुरुस्तीने मोठा फरक पडला. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज त्यांच्या कृतीचा अन्यत्र उपयोग झाल्यास, त्यापोटी मिळणाऱ्या स्वामित्वधनातील वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तसा करार त्यांच्याकडून लिहून घेतला, तरी तो टिकत नाही. हे ज्ञात नसलेला नवखा लेखक पहिल्या धनादेशाच्या आनंदात वाटेल त्या कागदावर सही करतो. संहिता दाखविण्यापूर्वी तिची लेखक संघटनेकडे नोंद करणे आणि करारातील मानधन, मुदत व श्रेय या तीन बाबी वाचून घेणे, या सवयी विद्यालयातच लागल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट यंत्रांविषयीची. पट्टी कापून जोडणारा संकलक १९९० नंतरच्या काळात हळूहळू संगणकापुढे येऊन बसला. पुढे छायालेखनातूनही पट्टी जवळजवळ नाहीशी झाली. ज्यांनी केवळ यंत्र चालविण्याचे शिक्षण घेतले होते, त्यांची अडचण झाली. दृश्य कोठे तोडावे आणि का तोडावे, हे ज्यांना उमगले होते, त्यांना नवे यंत्र आत्मसात करणे तुलनेने सोपे गेले.

उदरनिर्वाह आणि कला

जाहिरातपट, दूरचित्रवाणी-मालिका किंवा शैक्षणिक पट करणे म्हणजे कलेशी प्रतारणा, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. हा समज घातक आहे. घरभाडे देण्याची चिंता ज्याला सतत पोखरते, त्याच्या हातून संहितेचे दुसरे लेखनही होत नाही. मात्र उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. मिळकतीचे काम हळूहळू सगळा वेळ व्यापते आणि मनातील चित्रपट पुढच्या वर्षावर ढकलला जातो. यावर सर्वांना लागू पडणारा उपाय नाही. तथापि आठवड्यातील काही तास स्वतःच्या संहितेसाठी राखून ठेवणे आणि ती वाचून परखड मत देणारे दोन-तीन स्नेही जोडून ठेवणे, एवढे कोणालाही शक्य आहे.

संस्थेचे कर्तव्यही पदविका-प्रदानापाशी संपत नाही. माजी विद्यार्थ्यांना वर्गात बोलावताना केवळ पारितोषिक-विजेत्यांना बोलावू नये. ध्वनिलेखन, संकलन किंवा अध्यापन करून वर्षानुवर्षे सचोटीने जगलेल्यांनाही बोलवावे. बहुसंख्य विद्यार्थ्यांचे पुढील आयुष्य त्यांच्याच आयुष्यासारखे असणार आहे. ते आयुष्य उणे नाही, हे विद्यार्थ्याला वेळीच कळले, तर प्रतीक्षेच्या वर्षांत तो खचणार नाही.