स्थळाची प्रतिमा आणि प्रवाशाची पावले

कोणताही प्रवासी एखाद्या स्थळी पोहोचण्यापूर्वीच त्या स्थळाचे एक चित्र मनात घेऊन घराबाहेर पडतो. या चित्रास ‘स्थळप्रतिमा’ असे म्हणता येईल. अमेरिकन अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२ साली तिचे दोन प्रकार सांगितले. पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व आप्तेष्टांच्या गप्पा यांतून सहजपणे घडते ती एक. जाहिराती व माहितीपत्रके यांच्याद्वारे हेतुपूर्वक घडविली जाते ती दुसरी. प्रत्यक्ष भेटीनंतर तीत अनुभवाची भर पडते आणि परतलेला प्रवासी स्वतःच इतरांचा माहितीदाता बनतो.

कासचा धडा

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कास पठार हे याचे बोलके उदाहरण होय. तेथे जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशी नाजूक फुले उमलतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत कासही होते. छायाचित्रांमुळे ‘फुलांचा गालिचा’ ही प्रतिमा घरोघरी पोहोचली व गर्दी वाढली.

परंतु प्रतिमा केवळ जाण्याची इच्छा निर्माण करते. केव्हा जावे व तेथे कसे वागावे, हे सांगण्याचे काम माहितीचे आहे. कासचा बहर काही आठवड्यांचाच असतो आणि पावसानुसार मागेपुढे होतो. टोपली कारवी तर साधारणतः सात वर्षांतून एकदाच सर्वत्र फुलते. हे ठाऊक नसलेला प्रवासी निराश होऊन परततो. गालिचा समजून फुलांत बसणारा प्रवासी ती तुडवितो आणि बी धरण्यापूर्वीच रोपे नष्ट करतो. ज्या प्रतिमेने त्यास तेथे आणले, तिचाच आधार अशा रीतीने नाहीसा होतो. म्हणूनच वन विभाग व परिसरातील गावांची समिती यांना प्रवेशशुल्क, दैनंदिन संख्यामर्यादा व आगाऊ नोंदणी यांचा अवलंब करावा लागला.

आपण काय करावे?

अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. एवढी एक ओळ वेळेवर कळली, तरी दूरवरून आलेल्या कुटुंबाचा हेलपाटा वाचतो. ग्रामपंचायतींनी आपल्या गावच्या फलकावर योग्य हंगाम, रस्ता, पिण्याचे पाणी, वाहनतळ व निषिद्ध गोष्टी यांची खरी नोंद ठेवावी आणि ती दर हंगामात तपासावी. शिक्षकांनी सहलीपूर्वी एक तास त्या स्थळाच्या परिचयासाठी द्यावा. नसलेल्या सोयींची जाहिरात मात्र कोणीही करू नये. अतिरंजित प्रतिमा प्रवाशास एकदाच आणते. खरी माहिती त्यास पुन्हा आणते.