एकोणसाठ छिद्रांचं कोडं

हॉस्टेलमध्ये आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आपण सगळेच हार्डवेअर इंजिनिअर होतो. कुणाचा पीसी बंद पडला की चार जण गोळा होतात, पाचवा कॅबिनेट उघडतो आणि सहावा म्हणतो, "दाब ना जरा, बसेल." मीही त्या सहाव्यांपैकीच होतो. मागच्या दिवाळीत गावी एक प्रसंग घडला आणि ही सवय सुटली. तो प्रसंग आणि त्यातून शिकलेली पद्धत, दोन्ही इथे सांगतो.

माझं गाव अल्लीपूर, हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा. माझी चुलत बहीण शासनाच्या संगणक टायपिंग परीक्षेची, म्हणजे जीसीसी-टीबीसीची तयारी करत होती. क्लासमध्ये मशीन मिळायचं रोज एक तास, तोही बस वेळेवर आली तर. मिनिटाला तीस शब्दांचा वेग एका तासाच्या सरावात येत नाही. म्हणून मोठेबाबांनी कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे आले तसा नागपूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला. कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेलं, लहान कॅबिनेटचं मशीन. मॉनिटर वेगळा, तोही जुनाच. मी घरी पोचलो तेव्हा सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं होतं, फक्त लावायचं बाकी होतं.

"इंजिनिअर साहेब आले न आता, पाच मिनिटाचं काम हाय," मोठेबाबा म्हणाले.

मॉनिटरची वायर व्हीजीएची, निळ्या तोंडाची. कॅबिनेटच्या मागे पाहिलं तर व्हीजीए पोर्टच नाही. मदरबोर्डवर डिस्प्लेची सोय नव्हती. एक अर्ध्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड होतं आणि त्याच्या पट्टीवर एकच रुंद, काळं पोर्ट. मी ठामपणे सांगितलं, "हे डीव्हीआय आहे." बॅगेत डीव्हीआयचं व्हीजीए करणारा लहान अडॅप्टर होता. तो लावायला गेलो. आकार जवळजवळ तोच, पण आत जाईना. मी थोडा तिरपा केला, मग अंगठ्याने दाबला.

मोठेबाबांनी माझा हात धरला. आयुष्यभर विहिरीवरच्या मोटरी खोललेला माणूस. म्हणाले, "जोर नको लावू बापू. बसत नाही म्हणजे ते त्याचं नोहे."

अडॅप्टर काढून पाहिला तर त्याची एक पिन किंचित वाकली होती. आणखी थोडं दाबलं असतं तर कार्डाचं एकुलतं एक पोर्ट कायमचं गेलं असतं. बहीण बाजूला उभी होती, काही बोलली नाही. मला मात्र फार लाज वाटली. मग मी ते वाक्य म्हटलं जे इंजिनिअरिंगच्या पोराला सगळ्यात जड जातं: "मला माहीत नाही हे काय आहे. शोधावं लागेल."

खरं काम तिथून सुरू झालं. त्यातले टप्पे असे:

१) आधी वीज बंद. प्लग भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरू द्या, मगच कार्डाला हात लावा.

२) जागा पाहा. कनेक्टर कुठे आहे यावर त्याचं अर्धं काम कळतं. बाहेरच्या पट्टीवर असेल तर तो बहुधा चित्र बाहेर नेणारा. आतल्या कडेवर, पांढरा किंवा काळा, चौकोनी खणांचा असेल तर वीज आत आणणारा. वरच्या कडेला सोनेरी पट्ट्यांचा असेल तर दोन कार्डं जोडणारा. आमचा बाहेरच्या पट्टीवर होता, म्हणजे चित्राचाच.

३) ओळी मोजा, मग छिद्रं मोजा. हे सगळ्यात महत्त्वाचं. व्हीजीएला पाचाच्या तीन ओळी, एकूण १५ पिना. डीव्हीआयला आठाच्या तीन ओळी आणि बाजूला एक चपटी फट. डीव्हीआय-आय असेल तर फटीभोवती आणखी चार छिद्रं. एचडीएमआयला १९, डिस्प्लेपोर्टला २०. जुन्या कार्डांवरचं गोल एस-व्हिडिओ चार पिनांचं असतं, पण दुरून ते कीबोर्डच्या सहा पिनांच्या पीएस/२ सारखंच दिसतं. त्यात कीबोर्ड घालू पाहणारेही असतात.

मी मोबाईलचा टॉर्च धरला आणि बहिणीने पेनाच्या टोकाने मोजलं. "पंधरा, पंधरा, पंधरा... आणि ही चौदा. एक बंदच हाय दादा." म्हणजे पंधराच्या चार ओळी, साठ, वजा एक. एकोणसाठ.

४) बंद छिद्राला दोष समजू नका. मला आधी वाटलं की ते छिद्र माझ्याच दाबण्याने बुजलं. तसं नव्हतं. अनेक कनेक्टरमध्ये एक जागा मुद्दाम बंद ठेवतात आणि समोरच्या प्लगमध्ये तिथली पिन नसते. चुकीचा प्लग आत जाऊ नये यासाठी ती खूण असते. घराच्या कुलपाला जशी किल्लीची खाच.

५) कार्डावरचं लिखाण वाचा. कार्ड बाहेर काढलं, मागचा स्टिकर धूळ पुसून वाचला. एनव्हीडियाचं क्वाड्रो एनव्हीएस २९०. हे २००७ सालचं, ऑफिसांसाठीचं कार्ड. आता शोधायला दोन नेमके धागे हातात होते: कार्डाचं नाव आणि ५९ हा आकडा. आधी मी "डीव्हीआयसारखं मोठं पोर्ट" असं शोधत होतो, काही हाती लागत नव्हतं. मोजल्यावर मात्र पहिल्याच फटक्यात उत्तर आलं.

उत्तर होतं डीएमएस-५९. डीएमएस म्हणजे 'ड्युअल मॉनिटर सोल्यूशन'. एकाच पोर्टमध्ये दोन मॉनिटरचे सिग्नल, डिजिटल डीव्हीआयचेही आणि ॲनालॉग व्हीजीएचेही. अर्ध्या उंचीच्या पट्टीवर दोन डीव्हीआय पोर्टं शेजारी शेजारी मावत नाहीत, आणि ऑफिसात, बँकेत, शेअरच्या व्यवहारात दोन पडदे हवे असतात. म्हणून पिना दाटीने बसवून एकाच्या जागेत दोघांची सोय केली. बाहेर एक वाय आकाराची वायर लागते: एका टोकाला ५९ पिना, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्या.

इथेच आणखी एक खाचखळगा आहे. ही वायर दोन प्रकारची मिळते, एकीच्या शेपट्यांना व्हीजीए आणि दुसरीच्या शेपट्यांना डीव्हीआय. कार्डाच्या माहितीत "डीव्हीआय चालतं" असं लिहिलेलं असतं, पण कार्डावर डीव्हीआय पोर्ट नसतंच, ते वायरीवर असतं. फक्त डिजिटल डीव्हीआय घेणारा मॉनिटर व्हीजीएच्या वायरीवर चालणार नाही. तेव्हा आधी आपला मॉनिटर पाहा, मग वायर मागा. आमचा व्हीजीएचा, म्हणून आम्हाला पहिली हवी होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरला सीताबर्डीत गेलो. तीन दुकानांत नुसती मान हलवली गेली. चौथ्या दुकानात मी कागदावर काढलेले चार ओळींचे ठिपके दाखवले. दुकानदाराने खालच्या खोक्यातून वायरींचा गुंता काढला आणि त्यातून नेमकी ती ओढून दिली. नाव त्यालाही माहीत नव्हतं, ठिपके मात्र त्याने बरोबर जुळवले.

आता तुम्ही म्हणाल, आजकालच्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतात, मग हे जुनं कोडं कशाला? कारण दाबण्याची सवय नव्या कार्डांवर जास्त महाग पडते. वीज देणाऱ्या कनेक्टरचंच घ्या. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. पण पॉवर सप्लायमधून प्रोसेसरसाठीही आठ पिनांचीच एक वायर येते. प्रोसेसरच्या वायरीत चार पिना १२ व्होल्टच्या आणि चार ग्राउंडच्या. कार्डाच्या वायरीत तीन १२ व्होल्टच्या आणि पाच ग्राउंडच्या, त्याही उलट्या बाजूला. खणांचे आकार वेगळे ठेवलेत ते यासाठीच. जोर लावून एकीच्या जागी दुसरी घातली तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतात.

आणि उलटी चूकही असते. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या सोळा पिनांच्या नव्या कनेक्टरचे काही ठिकाणी वितळण्याचे प्रकार झाले. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण असल्याचं कंपनीने त्याच वर्षी सांगितलं. पुढे २०२३ मध्ये त्या कनेक्टरच्या पिनांची लांबी बदलून सुधारित रूप आलं. म्हणजे चुकीचा प्लग जोराने घालायचा नाही, आणि बरोबरचा अर्धवट सोडायचा नाही. कुठला बरोबर हे ओळखता आलं तरच या दोन्ही गोष्टी पाळता येतात.

असो. संध्याकाळी घरी आलो. वायर लावली. या वेळी अंगठा लावावाच लागला नाही, हलकेच आत गेली. दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने फिरवले, एका शेपटीला मॉनिटर जोडला, बटण दाबलं. दोन सेकंद काळोख, आणि मग पडदा उजळला. बहिणीने लगेच खुर्ची ओढली आणि सरावाचा उतारा उघडला. मोठेबाबा मागे लोंबणारी दुसरी शेपटी हातात घेऊन पाहत होते.

"अन् हे कायले रे?"

"दुसरा मॉनिटर लावायला, मोठेबाबा."

"मंग राहू दे बांधून," ते म्हणाले आणि सुतळीने ती शेपटी टेबलाच्या पायाला नीट बांधून टाकली.

हॉस्टेलला परत आल्यावर वाकलेल्या पिनेचा तो अडॅप्टर मी फेकला नाही. माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. कुणाला एखादं पोर्ट ओळखता येत नसेल तर खोलीवर या, टॉर्च आणि पेन घेऊन. आधी मोजू, मग बोलू.