१९१८ ची साथ आणि फुप्फुसांचे दुखणे

इतिहासाच्या तासाला आम्ही १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा पाठ शिकवतो. त्या साथीत विषाणूने फुप्फुसे दुबळी केली, मग त्यांत जिवाणू शिरले आणि बहुतेकांचा मृत्यू न्यूमोनियाने झाला. पेनिसिलीनचा शोध लागला १९२८ मध्ये. तोवर उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, सकस अन्न आणि शुश्रूषा एवढेच होते. ज्यांना हेही लाभले नाही, ते अधिक संख्येने दगावले. मुंबई शहरात दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, सवर्ण हिंदूंत १८.९, तर तथाकथित खालच्या जातींत ६१.६ होते. विषाणू जात विचारत नव्हता; कोंदट खोली आणि अर्धपोटी जगणे मात्र जातीनेच वाटून दिले होते.

आज साधने वाढली आहेत. कोविडमध्ये प्राणवायू कमी पडलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनने वाचवले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही. म्हणून स्टेरॉइड मनाने घेऊ नये. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. आजारानंतर आठवडेच्या आठवडे दम लागत राहिला, तर त्याला अशक्तपणा समजून अंगावर काढू नये. छातीची तपासणी करावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वसनाचे व्यायाम करावेत आणि धुरापासून दूर राहावे.

माजी विद्यार्थ्यांनो, पालकांनो, औषध आता आहे. ते आपल्या वस्तीतील शेवटच्या घरापर्यंत वेळेत पोहोचावे, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.