बाक एक, हात अनेक

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी १८८७ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत आणि वसतिगृहाची कामे आपल्या हातांनी करीत. पुढे १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. तेव्हापासून सूतकताई, शेती आणि सुतारकाम हे विषय कित्येक शाळांत आले. परंतु जेथे काम अनेकांचे असते, तेथे एक प्रश्न हमखास उभा राहतो. काम सर्वांनी मिळून केले, तर गुण कोणाला किती द्यावयाचे?

समजा, कोल्हापुरातील एखाद्या शाळेच्या सातवीच्या वर्गाने आपल्यासाठी नवे बाक तयार करावयाचे ठरविले. पाच-पाच जणांचे गट पडले. प्रथम आले मोजमाप. बसणाऱ्याचे तळवे जमिनीवर सपाट टेकावेत, यासाठी बैठकीची उंची टाचेपासून गुडघ्याच्या मागील खोबणीपर्यंतच्या अंतराएवढी हवी. लिहावयाची फळी बसल्यावर कोपर जेथे येते, त्याच्या आसपास हवी. परंतु बारा वर्षांची सर्व मुले एका उंचीची नसतात. मग माप कोणाचे धरावयाचे? येथेच गटात पहिला वाद होतो, आणि तो वाद चांगला असतो. पाय लोंबते ठेवून बसणाऱ्या मुलाची मांडी बैठकीच्या कडेवर सतत दाबली जाते. उंच मुलाने पाय थोडे पुढे सारले की त्याचे भागते. म्हणून माप लहानांकडे झुकते ठेवणे बरे.

यानंतर कोणी कागदावर आकृती काढतो, कोणी पुठ्ठ्याचा नमुना करतो, कोणी सुताराकडे जाऊन सागाच्या व आंब्याच्या फळीतील फरक विचारून येतो. एखादा मात्र नुसताच उभा राहतो आणि बाक तयार झाला की त्यावर सर्वांच्या आधी बसतो!

हा दोष केवळ मुलांचा नव्हे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसे दोर किती जोराने ओढतात, हे मोजून पाहिले. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्या माणसाचा जोर १०० मानला, तर आठ जणांच्या गटात एकेकाचा जोर सुमारे ४९ भरला. सर्वांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे त्याचे एक कारण. परंतु तेवढेच नव्हे. १९७९ साली बिब लाताने आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत टाळ्या व आरोळ्या मोजल्या. तेथेही गटात प्रत्येकाचा आवाज उतरला. दोन वर्षांनी असे आढळले, की आपला आवाज निराळा मोजला जात आहे असे कळल्यावर ही कुचराई नाहीशी होते.

सगळ्यांना सारखे गुण देणे हा सोपा मार्ग खरा, पण तो न्यायाचा नाही. त्यापेक्षा गुणांचे दोन वाटे करावेत. बाक डुगडुगत नाही, सांधे घट्ट आहेत, कडा हाताला बोचत नाहीत, याचे गुण सर्व गटाला सारखे मिळावेत. दुसरा वाटा ज्याचा त्याला. त्यासाठी गटाने रोज एक वही लिहावी : आज कोणी काय केले, काय चुकले, ते कोणी सुधारले. शिवाय शिक्षकांनी गटातील कोणालाही उभे करून विचारावे, "बैठकीची उंची एवढीच का ठेवली?" ज्याने मोजपट्टी हाती धरली नाही, त्यालाही हे उत्तर आले पाहिजे.

सोबत्यांचे मतही घ्यावे, पण ते जपून. मैत्री आणि रुसवा हे दोघेही वाईट परीक्षक असतात. केवळ आकडा मागितला, तर मित्राला दहापैकी दहा मिळतात. कारण लिहावयास सांगितले, की लेखणी थबकते. तरीही या कागदांवाचून भागत नाही. उंचीवरून दोघे भांडत असता ज्याने पुठ्ठ्याचे दोन नमुने करून सर्वांना आळीपाळीने बसवून पाहिले आणि भांडण मिटविले, त्याच्या हातची एकही खूण तयार बाकावर दिसत नाही. त्याचे काम सापडते, ते सोबत्यांनी लिहिलेल्या दोन ओळींतच.