अंतराळांतील गणकाची शिदोरी

वाटेंत एकही गांव लागणार नसेल, तर प्रवासाची शिदोरी किती जपून बांधावी लागेल! अमेरिकेनें ३१ जानेवारी १९५८ रोजीं सोडलेल्या ‘एक्सप्लोरर १’ या सुमारें १४ किलोच्या उपग्रहांत प्रो. जेम्स व्हॅन ॲलन यांची विश्वकिरण मोजणारी गायगर नलिका होती. साहित्याच्या भारापैकीं सुमारें ४० टक्के भार पाऱ्याच्या विद्युद्घटांचाच होता. एक प्रेषक ३१ दिवस चालला, दुसरा मंद प्रेषक १०५ दिवस. मग शिदोरी सरली.

नलिकेंतून कण गेला म्हणजे विजेचा क्षणिक झटका उत्पन्न होतो, तेच मोजावयाचे. त्यासाठीं सुमारें ७०० व्होल्टचा दाब लागतो, आणि तो स्थिर असावा लागतो. तो फार उतरला, तर कण येऊनही मोजले जात नाहींत. फार चढला, तर कणावांचूनच झटके येतात.

पुढें एक नवल घडलें. उपग्रह फार उंच गेला कीं गणक मुका होई. वीज संपली काय? तसें असतें, तर खालीं आल्यावरही तो मुकाच राहता. पण मोजणी पुन्हां सुरू होई. मार्चमधील ‘एक्सप्लोरर ३’ मध्येंही हेंच दिसलें. व्हॅन ॲलन यांचे सहकारी मॅकिल्वेन यांनीं तशाच नलिकेवर तीव्र क्ष-किरण सोडून पाहिले, तेव्हां उलगडा झाला: कण अतोनात झाले कीं नलिका मोजूंच शकत नाहीं! अशा रीतीनें पृथ्वीभोंवतालचे किरणोत्सर्गाचे पट्टे उमगले.

विद्यार्थिमित्रहो, सृष्टीला मुकी म्हणण्यापूर्वीं आपलें यंत्र तपासावें, हाच धडा आम्हीं यांतून घेतों.