जुनं घर राखताना

राजापूर तालुक्यातलं आमचं पणजोबांच्या वेळचं घर पाडायचं की राखायचं, यावर भावंडांत बरीच चर्चा झाली. राखायचं ठरलं. त्या कामात कळलेल्या या गोष्टी.

१. घर तेव्हा किती रुपयांत झालं, हे विचारून फारसं हाती लागत नाही. चिरा जवळच्या खाणीतला, फणस-ऐनाचं लाकूड घरच्या बागेतलं, मजुरी बरीचशी भातावर. खरा खर्च घर उभं राहिल्यानंतरचा. दर वैशाखात शाकारणी: कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कुजकी रीप काढायची. घर चिऱ्यामुळे टिकलं असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तशाच चिऱ्याची बंद पडलेली घरं गावात थोड्या पावसाळ्यांत बसली. एक कौल सरकतं, वासा भिजून कुजतो, छप्पर खचतं आणि मग उघड्या भिंतीच्या सांध्यांतली माती वाहून जाते.

२. आधी सुताराला दाखवा, ठेकेदाराला नंतर. वासे बहुधा टोकांशी कुजतात, पागोळ्यांकडे आणि भिंतीत. तेवढं कापून नवा तुकडा सांधता येतो.

३. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. जमिनीतून चढलेली ओल चुना बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. चुन्याचं काम महाग पडतं, कारण ते सावकाश करावं लागतं आणि जाणते गवंडी कमी उरलेत.

४. जुनं ते भक्कम, असं धरून चालू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला-बाहेरचा थर बांधून ठेवणारे जोडदगड नाहीत, आणि वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं माती चढवलेली. घराची निगा राखता राखताच डोक्यावरचं ओझं वाढत गेलं, हे आठवलं की अजून गलबलतं. आमचं छप्पर कौलारू, हलकं. तरीही भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग पट्टा घालून घेतला. त्या खर्चावर घरात कोणी वाद घातला नाही.

५. स्लॅबचं घर म्हणजे काळजी मिटली, हेही खरं नाही. खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. मुंबईत इमारत ३० वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणी कायद्यानेच करावी लागते.

६. जादा कौलं साठवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत असंख्य घरांची कौलं उडवली. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगळुरी कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून आपल्याच छापाची शोधावी लागतात. गावात कुठे घर उतरवत असतील तर आधी तिथे जाऊन छाप बघा, आणि आणलेली कौलं पडवीत उभी रचा. आडवी रचली की तळची फुटतात.