बोलता येतंय तोवर विचारा

लेकरांनो, मी नोकरीला लागले तेव्हा जालना जिल्हा झालेलाही नव्हता. तो झाला 1 मे 1981 ला. अंबड तालुक्यातल्या उपकेंद्रांवर बाळंतपणं करण्यात आणि लसी टोचण्यात माझी हयात गेली. पण गावाला नर्सबाई दोन्ही टोकांना लागते. रात्री कंदील घेऊन दारात उभा राहिलेला माणूस कधी बाळंतिणीसाठी यायचा, तर कधी म्हणायचा, “बाई, म्हातारं घुटमळतंय, जरा बघून जाता का?” त्या दुसऱ्या टोकाला मी जे पाहिलं ते मला तुम्हाला सांगून ठेवायचंय. घरात अशी वेळ आली की सगळे मला फोन लावता. उद्या फोन उचलायला मी नसेन.

सगळ्यात आधी, डॉक्टरला काय विचारायचं ते शिका. “पेशंट बरा होईल ना?” असं विचारलं की समोरून “आपण प्रयत्न करू” एवढंच येतं, आणि त्या एका शब्दावर माणसं शेत विकतात. सरळ विचारा: या उपचारानं आजार जाणार आहे, की नुसते दिवस वाढणार आहेत? वाढलेले दिवस कसे असतील? उठून बसेल, चार शब्द बोलेल, की मशीनवर पडून राहील? हा उपचार नाही केला, तर त्रास होऊ नये म्हणून काय करता येईल? घरातल्या एकानंच विचारावं आणि उत्तर वहीत लिहावं. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच अर्थ निघतात आणि वॉर्डाबाहेरच भांडण लागतं.

हे मला आधी कळलं असतं तर माझ्या सासूबाईंचं तसं झालं नसतं. यकृताचा कॅन्सर होता, पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळेधमक. एका मोठ्या दवाखान्यात नेलं. अकरा दिवस व्हेंटिलेटर. नळी उपसू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीनं कॉटला बांधले होते. मी आत जायचे तेव्हा त्या बांधल्या हाताची बोटं हलवायच्या. चुडा काढून घेतला होता, मनगटावर त्याचा पांढरा वण तेवढा राहिला होता. दोन दिवाळ्यांआधी त्या ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, “मला माझ्या घरी मरू द्या.” सगळ्यांनी ऐकलं होतं, पण “अभद्र बोलू नका” म्हणून सगळ्यांनीच विषय मोडला होता. एक एकर मोसंबीची बाग गेली. बागेचं मला दुःख नाही, बांधलेल्या हातांचं आहे. आणि बरं का, त्या घरात वाईट कुणीच नव्हतं. पुण्याहून आलेला दीर म्हणत होता, “पैशाकडे बघू नका.” थांबवा म्हणणारा आपणच ठरू नये, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. मीही नर्स असून गप्प बसले.

म्हणून दुसरी गोष्ट, आणि हीच खरी. ज्याचा जीव आहे त्याला विचारा. आपल्याकडे “पेशंटला सांगू नका, खचेल” म्हणायची रीत आहे. पण माणसाला कळतंच. घरात कुजबुज वाढली, मुंबईचा लेक अवेळी आला, नातवंडांना भेटायला पाठवायला लागले, की तो काय ते समजतो. मग तो आपल्याला जपतो, आपण त्याला जपतो, आणि बोलायचं राहून जातं.

माझ्या भावाला घशाचा कॅन्सर झाला. तंबाखूची सवय होती. रेडिएशन झालं आणि आजार पुन्हा उलटला. एका संध्याकाळी सगळे शेतात गेले असताना त्यानं मला विचारलं, “आक्का, खरं सांग, किती दिवस?” मी म्हणाले, “दिवस कुणी सांगत नाही. पण आजार आता औषधाच्या हातात राहिला नाही. तुला काय पाहिजे?” बराच वेळ तो लिंबाकडे बघत राहिला. मग बसक्या आवाजात एकेक सांगत गेला. नळी घालायची नाही. श्वास अडला तरी आयसीयूत न्यायचं नाही. बाज ओसरीत टाकायची, आतल्या अंधाऱ्या खोलीत नाही. एका माणसाचे उसने पैसे होते, ते त्याच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत द्यायचे. मी वहीत लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, त्यानं सही केली. त्यानंतर तो चाळीस दिवस जगला. त्या चाळीस दिवसांत घरात एकदाही वाद झाला नाही. विचारायची वेळ हीच, जीभ चालते आणि डोकं ठिकाणावर आहे तोवर.

मशीन नको म्हणणं म्हणजे सेवा नको म्हणणं नव्हे. खरी सेवा तिथून पुढेच सुरू होते, आणि ती घरच्यांनाच करायची असते.

दुखण्याचं आधी बघा. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. “अफू आहे, सवय लागेल” म्हणून त्या उशाखाली ठेवून देणारी घरं मी पाहिलीत. डॉक्टरनं सांगितलेल्या मात्रेत, दुखण्यासाठी घेतलेल्या औषधाचं व्यसन लागेल ही भीती धरू नका. गोळी घड्याळ बघून द्यायची, कळ उठायची वाट बघायची नाही. मात्रा आपल्या मनानं वाढवायची नाही, तोडायचीही नाही. ती घेताना पोट हमखास घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, तेव्हापासून मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात आणि आपल्या जिल्हा रुग्णालयात “पॅलिएटिव्ह केअर”, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, हा शब्द उच्चारून चौकशी करा. शब्द माहीत असला की दार लवकर सापडतं.

खाण्याचा आग्रह करू नका. शेवटी शेवटी अन्नावरची वासना जाते, ते आजाराचंच लक्षण. खात नाही म्हणून माणूस मरत नाही, मरणाकडे निघालाय म्हणून खात नाही. सुनेनं डोळ्यात पाणी आणून भरवलेली पेज श्वासनळीत जाते आणि नको तो खोकला, ताप मागे लागतो. “निदान सलाइन तरी लावा” असंही लोक म्हणतात. पण शरीर पाणी घेईनासं झालं की ते पाणी पायांवर सूज आणतं आणि छातीत भरतं. त्यापेक्षा तोंड ओलं ठेवा. स्वच्छ मऊ फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून ओठ, हिरड्या, जीभ हळूच पुसायची, दर तासा दोन तासांनी. भावानं एकदा मोसंबी मागितली. मी जिभेवर चार थेंब सोडले. त्यानं ते जिभेवर घोळवले आणि फडक्यावर सोडून दिले. गिळायची ताकद नव्हती, चव मात्र पोचली.

कूस दर दोन तासांनी बदला, चादरीला सुरकुती ठेवू नका. घशात घरघर लागली की एका कुशीवर झोपवा. आवाज ऐकून आपल्याला जेवढा त्रास होतो तेवढा बहुधा त्याला होत नसतो. पाय गार पडतील, श्वास थांबून थांबून येईल. अशा वेळी घाबरून 108 ला फोन केला, तर ते त्यांचं काम करतील, म्हणजे उचलून दवाखान्यात नेतील. घरीच ठेवायचं ठरलं असेल, तर ओळखीच्या डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा आणि त्यांचा नंबर भिंतीवर लिहा.

आता कायद्याचं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली आमच्यासारखीच एक नर्स, अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 ला तिच्यावर हल्ला झाला, ती अंथरुणाला खिळली आणि गेली 18 मे 2015 ला. साडेएक्केचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. ती सेवा आठवली की आजही माझी मान आपोआप लवते. तिला असं जगवत ठेवू नये, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानं 7 मार्च 2011 ला निकाल दिला. सांभाळणाऱ्यांचा विरोध होता म्हणून अरुणाच्या बाबतीत परवानगी नाकारली, पण जीव लांबवणारे उपचार थांबवण्याचा रस्ता पहिल्यांदा त्याच निकालानं उघडला. सगळ्यांची मतं कोर्टासमोर आली, तिचं सोडून. ती सांगायच्या अवस्थेतच नव्हती. मला त्या खटल्यात हेच सगळ्यात जास्त टोचतं.

पुढे 9 मार्च 2018 ला कोर्टानं ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं. इस्टेटीचं मृत्युपत्र वेगळं, हे उपचारांचं इच्छापत्र. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे गुन्हाच आहे, त्या वाटेला जाऊ नका. पण आजार बरा होणार नसेल आणि मला बोलता येत नसेल, तेव्हा व्हेंटिलेटर नको, नळी नको, हे आधीच लिहून ठेवता येतं. 2018 चे नियम फार किचकट होते, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. 24 जानेवारी 2023 ला कोर्टानं ते सोपे केले. वय अठराच्या वर हवं, कुणाची बळजबरी नको. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीनं बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात घालायची, एकाहून जास्त घातली तरी चालतात. एक प्रत त्यांना, एक आपल्या डॉक्टरला, एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हे अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले होते. तुमच्या ग्रामसेवकाला हे माहीत नसेल, तर चिडू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. लिहिलेलं केव्हाही बदलता येतं, रद्दही करता येतं.

कागद दाखवला की लगेच मशीन बंद होत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं. लिहिलेलं काहीच नसलं तरी घरच्यांच्या संमतीनं याच रस्त्यानं जाता येतं. पण मग ओझं घरच्यांवर येतं, तेच ओझं ज्यानं आम्ही अकरा दिवस गप्प बसलो.

सगळ्यांनी उपचार सोडावेत असं मी म्हणत नाही. विनोबा नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला औषध आणि अन्न दोन्ही नको म्हणाले आणि 15 तारखेला गेले. तो त्यांचा निर्णय होता. आपल्या जालन्यात जैन घरांमध्ये संथारा, म्हणजे मरेपर्यंतच्या उपवासाचं व्रत, मोठ्या श्रद्धेनं घेतात, तो त्यांचा धर्म. कुणाला नातीचं लग्न बघायचं असतं आणि त्यासाठी एक केमो आणखी सोसायची तयारी असते. तेही बरोबरच. चूक एकच, ज्याचं मरण त्यालाच न विचारणं.

माणूस घरी वारला, तर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. दवाखान्याची फाइल फेकू नका, मृत्यूचं कारण सांगायला ती लागते.

माझा कागद तयार आहे. देवघराच्या कपाटात, निळ्या पिशवीत. एक प्रत थोरल्या सुनेकडे आहे, एक डॉक्टरांकडे. या दिवाळीला सगळे गावी याल, तेव्हा फराळाला बसण्याआधी तुमच्या आईवडिलांना त्यांचं विचारा आणि वहीत लिहून घ्या.